इंग्रजीला वळसा घालून डॅनिश क्रियापदं

दुकानात गल्ल्यावर सामान मोजून झालं की समोरचा मुलगा मान वर न करता विचारतो, "स्कॅल डू हॅ एन पोसे?" कोपनहेगनला किंवा ऑर्हूसला येऊन तुम्हाला चार दिवस झाले असतील, तर हे वाक्य चार वेळा तरी ऐकलं असेल. इंग्रजीला सरावलेल्या कानाला त्यात 'शॅल' ऐकू येतं, 'हॅव' ऐकू येतं, आणि डोक्यात भलतंच कोडं तयार होतं. तो फक्त एवढंच विचारत असतो: पिशवी हवीये का?

मी इथे आले तेव्हा अॅप, सहकारी, शेजारी, सगळेच मला डॅनिश शब्दांचे अर्थ इंग्रजीतून सांगत होते. त्यात त्यांचा दोष नव्हता, आमच्यातली समान भाषा तीच होती. पण वर्षभराने माझ्या लक्षात आलं, की ज्या क्रियापदांवर मी सारखी अडखळत होते त्यातल्या निम्म्यांना मराठीत नेमका जोडीदार होता. इंग्रजीत मात्र दोन-तीन वेगवेगळ्या डॅनिश क्रियापदांसाठी एकच शब्द होता. म्हणजे मराठीत आधीच असलेला फरक मी इंग्रजीत नेऊन पुसत होते आणि मग डॅनिशमध्ये तोच नव्याने शिकत होते. ही एवढी मेहनत तुम्हाला करावी लागू नये, म्हणून हा लेख.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. डॅनिश शब्द इथे देवनागरीत, उच्चाराच्या जवळपास जातील असे लिहिले आहेत. शेवटचा 'ए' प्रत्यक्षात आपल्या अर्धवट 'अ'सारखा असतो, आणि मधले 'द', 'व' बऱ्याचदा विरघळून जातात. खरा उच्चार कानानेच शिकायचा, त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी १: वहीतला इंग्रजीचा रकाना काढून टाका

एक कोरी वही घ्या. प्रत्येक क्रियापदाला एक अख्खं पान द्या. डावीकडे डॅनिश वाक्य लिहा, उजवीकडे तेच तुम्ही घरी मराठीत कसं म्हणाल ते. सुटा शब्द लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचं. आणि मधे इंग्रजी आणायचं नाही.

का, ते 'जाणण्या'वरून बघू. इंग्रजीत त्यासाठी 'नो' हे एकच क्रियापद आहे. डॅनिशमध्ये तीन आहेत: 'वीदे', 'केन्ने' आणि 'कुन्ने'. वर्गात यावर अर्धा तास जातो आणि तरी लोक गोंधळतात. मराठीत बघा:

याय वेद दे. मला ते माहीत आहे.
याय केन्नर हॅम. मी त्याला ओळखते.
याय कॅन डॅन्स्क. मला डॅनिश येतं.

आपण 'मी डॅनिश ओळखते' म्हणत नाही, 'मला तो माणूस येतो' असंही म्हणत नाही. माहीत असणं, ओळखणं आणि येणं या तीन गोष्टी आपल्या जिभेवर लहानपणापासून वेगळ्या आहेत. डॅनिशमध्येही बहुतेक तिथेच त्या वेगळ्या होतात. पोहता येतं का, स्वयंपाक येतो का, भाषा येते का, हे सगळं 'कॅन'. पत्ता माहीत आहे, गाडी किती वाजता सुटते ते माहीत आहे, हे 'वेद'. गाव, माणूस, गाणं ओळखीचं आहे, ते 'केन्नर'.

दुसरं उदाहरण 'आस्क'चं. आपल्याकडे विचारणं वेगळं आणि मागणं वेगळं. डॅनिशमध्ये विचारणं म्हणजे 'स्पोर्गे' आणि मागणं म्हणजे 'बेदे ओम'. रस्ता विचारायचा असेल तर पहिलं, कॉफी मागायची असेल तर दुसरं. इंग्रजीतून शिकणारा माणूस कॉफीलाच प्रश्न विचारून बसतो.

'लिव्ह'चंही तसंच. 'बो' म्हणजे राहणं, 'लेवे' म्हणजे जगणं, जिवंत असणं. तुम्ही ऑर्हूसला राहता, तिथे 'बो' वापरायचं. तुमची आजी अजून आहे का, असं कुणी विचारलं तर त्यात 'लेवर' येईल.

आता 'प्ले'. नियम असलेला खेळ खेळणं आणि वाद्य वाजवणं या दोन्हींसाठी 'स्पिल्ले'. फुटबॉलही 'स्पिल्ले', पेटीही 'स्पिल्ले'. पण मुलं अंगणात जे खेळतात, घरघर, लपाछपी, ते 'लाए'. हे क्रियापद तुम्ही डेन्मार्कला यायच्या कितीतरी आधी हातात धरलेलं आहे. बिलुंड गावातल्या ओले किर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३४ साली आपल्या खेळण्यांच्या कारखान्याला जे नाव दिलं ते 'लाय गॉट', म्हणजे 'छान खेळ', या दोन शब्दांच्या सुरुवातीची अक्षरं जोडून केलेलं होतं. लेगो ते हेच. त्यात आज्ञार्थही आयता शिकायला मिळतो: क्रियापदाच्या शेवटचा 'ए' काढला की आज्ञा झाली. 'लाए' खेळणं, 'लाय' खेळ. 'हुस्के' लक्षात ठेवणं, 'हुस्क' लक्षात ठेव. 'कोमे' येणं, 'कोम' ये.

पायरी २: रूपं एका संध्याकाळी उरका

इथे जास्त वेळ घालवू नका, कारण इथे डॅनिशने आपल्यावर खरोखर मेहेरबानी केलेली आहे. मराठीत मी करतो, मी करते, तू करतोस, ती करते, ते करतात. डॅनिशमध्ये मी, तू, ती, आपण, ते, सगळ्यांना एकच रूप. मूळ क्रियापदाला 'र' लावला की वर्तमानकाळ: 'स्पीसे' खाणं, 'स्पीसर' खातो, खाते, खातात. भूतकाळात बहुतेकांना 'एदे' लागतं, काहींना 'ते', आणि रोजच्या वापरातली थोडी क्रियापदं अख्खी बदलतात. 'गॉ'चं 'गिक' होतं, 'कोमे'चं 'कॉम' होतं. ही बदलणारी तीसेक क्रियापदं पाठच करायची, दुसरा उपाय नाही.

एक मात्र सुरुवातीपासून अंगवळणी पाडा. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागेवर येतं, पहिल्या जागी काहीही असो. 'आज मी घरून काम करते' हे 'आज करते काम मी घरून' अशा क्रमाने येईल. आपलं क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे सुरुवातीला जीभ अडते. महिनाभर मोठ्याने बोललात की सुटते.

लिहिताना 'र' विसरलात तर फार वाईट वाटून घेऊ नका. 'कोरे' आणि 'कोरर', म्हणजे गाडी चालवणं आणि चालवतो, यांचा उच्चार अगदी सारखा होतो, आणि इथे शिकलेली मुलंसुद्धा तो 'र' चुकवतात.

पायरी ३: 'गॉ' म्हणजे 'जाणं' नव्हे, 'चालणं'

हे एक क्रियापद नीट बसलं की बाकीच्यांकडे कसं बघायचं ते कळतं. शब्द इंग्रजी 'गो'सारखा दिसतो, आणि तिथेच घोळ होतो. उन्हाळ्यात भारतात जाणार आहे हे सांगायला तुम्ही 'गॉ' वापरलंत, तर ऐकणाऱ्याला तुम्ही पायी निघाल्यासारखं वाटेल. गाडीने जायचं तर 'कोरे', सायकलने 'स्यूक्ले', विमानाने 'फ्ल्यूवे', प्रवासाला म्हणून 'राइसे', आणि कशाने ते महत्त्वाचं नसेल तर 'टाए', म्हणजे शब्दशः घेणं.

आता 'गॉ'च्या पानावर उजवीकडे 'चालणं' लिहा आणि पुढची वाक्यं बघा.

वोर्दान गॉर दे? कसं चाललंय?
दे गॉर गॉट. बरं चाललंय.
दे गॉर नॉक. चालून जाईल.
ऊरे गॉर. घड्याळ चालतं.

एकाही ठिकाणी मराठी वाकवावी लागली नाही. हे मला पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी आधीची वही बाजूला ठेवून नवी केली. अर्थात सगळं काही जुळत नाही. बस 'गॉर' म्हणजे सुटते, आणि एखादी वस्तू 'गॉर इ स्टूकर' म्हणजे मोडते. जे जुळत नाही ते त्याच पानावर खाली वेगळ्या शाईने लिहून ठेवा.

'ब्लीवे' हेही असंच क्रियापद. इंग्रजीत त्याचे तीन तुकडे करावे लागतात. मराठीत 'होणं' आणि 'राहणं' एवढ्यात बरंचसं भागतं. ती डॉक्टर होणार, 'हुन ब्लीवर लेए'. मी घरीच राहते, 'याय ब्लीवर येमे'. आणि गल्ल्यावरचा तोच मुलगा हिशेब सांगताना म्हणतो, 'दे ब्लीवर फिरओफिर्स क्रोनर', म्हणजे चौऱ्याऐंशी क्रोनर झाले. आपला वाणीही 'झाले'च म्हणतो. जाता जाता त्या आकड्याकडेही बघा: आधी चार, मग ऐंशी, आपल्यासारखंच. आणि 'फिर्स' म्हणजे मुळात चार वेळा वीस, आपल्या जुन्या विसांच्या हिशेबासारखं.

'फॉ' म्हणजे मिळणं. पण दुसऱ्याकडून काही करून घेतलं की तेच क्रियापद येतं: केस कापून घेतले, सायकल दुरुस्त करून घेतली. 'करून घेणं' ही रचना आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

पायरी ४: स्कॅल, विल, मॉ

इथे थांबून वेळ द्या. माझ्या मते बोलण्यातले सगळ्यात जास्त गैरसमज या तीन छोट्या शब्दांमुळे होतात, आणि ते गैरसमज व्याकरणाचे राहत नाहीत, माणसामाणसांतले होतात.

'स्कॅल' ऐकलं की सक्ती ऐकू येते. कधी ती असतेही. पण रोजच्या बोलण्यात 'स्कॅल' म्हणजे आपलं '-यचंय'. 'याय स्कॅल टिल ऑर्हूस', मला ऑर्हूसला जायचंय. यात जाण्याचं क्रियापदच नाही, तरी वाक्य पूर्ण आहे. शुक्रवारी दुपारी सहकारी विचारतात, 'वॅ स्कॅल डू इ वीकेंडेन?' शनिवार-रविवारी काय करायचंय, एवढाच त्याचा अर्थ. कोणतं काम उरलंय असं कुणी विचारत नाही, तुम्ही मजेत काय करणार ते विचारतात. 'स्कॅल वी गॉ?' म्हणजे निघूया का? आणि 'नू स्कॅल याय येल्पे डाय', थांब, मी मदत करते.

'विल' म्हणजे इच्छा, तयारी. इंग्रजीतल्या भविष्यकाळाच्या शब्दासारखा दिसतो म्हणून लोक प्रत्येक 'उद्या'ला 'विल' लावतात. उद्याचा साधा बेत सांगायचा तर 'स्कॅल' किंवा नुसता वर्तमानकाळ पुरतो. 'विल' लावलंत की 'माझी तशी इच्छा आहे' असा सूर लागतो. हवंय म्हणायचं असेल तर 'याय विल गेर्ने हॅ', मला अमुक हवंय. हॉटेलात, बेकरीत, औषधाच्या दुकानात हे एकच वाक्य तुम्हाला तारेल. त्यातला 'गेर्ने' गाळू नका. तो नसेल तर मागणं हट्टासारखं ऐकू येतं.

'मॉ' सगळ्यात नाजूक. परवानगी, अंदाज आणि निरुपाय, तिन्ही त्यात सामावलेलं आहे.

मॉ याय लॉने दिन स्यूकेल? तुझी सायकल नेऊ का?
डू मॉ इक्के राए हेर. इथे सिगरेट ओढायची नाही.
डू मॉ वेरे ट्रेट. दमली असशील.
याय मॉ हेलर गॉ. मी निघालेलं बरं.

शेवटची दोन मराठी वाक्यं इंग्रजीत नेऊन परत आणली असती तर 'असशील' आणि 'निघालेलं बरं' यांतला ओलावा वाटेतच सांडला असता.

आणि 'डू मॉ गेर्ने'. याचा सरळ अर्थ 'तुझी हरकत नसेल तर कर, चालेल'. माझ्या पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी मला म्हटलं, 'डू मॉ गेर्ने सेने माय रॅपोर्टेन'. मी समजले, अहवाल पाठवला तर चालेल, म्हणजे नाही पाठवला तरी चालेल. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, अजून का आला नाही? इथे ही सौम्य शब्दांतली विनंतीच असते. घरात मोठी माणसं 'जरा दार लावलंस तरी चालेल' म्हणतात तेव्हा आपण उठून दार लावतो, त्यातलाच हा प्रकार. कामाच्या ठिकाणी 'मॉ गेर्ने' ऐकलंत तर काम करा. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

उलट बाजूही सांगते. 'मॉ इक्के' म्हणजे मनाई. 'गरज नाही' असं म्हणायचं असेल तर 'बेहोवर इक्के'. पाहुण्याला 'चपला काढायची गरज नाही' म्हणायचं असताना 'मॉ इक्के' म्हणालात, तर तो बिचारा दारातच थबकेल.

पायरी ५: वस्तू उभ्या आहेत की आडव्या, ते बघायला शिका

मराठीत टेबलावर पुस्तक 'आहे', बाटली 'आहे', किल्ली कुलपात 'आहे'. डॅनिश माणूस बघतो ती वस्तू कशी आहे ते. बाटली उभी म्हणून 'स्टॉर'. पुस्तक आडवं म्हणून 'लिगर'. किल्ली कुलपात रुतलेली म्हणून 'सिदर', म्हणजे बसलेली. कोट खुंटीला 'हेंगर', लटकलेला. दारात लावलेली गाडी 'होलर'. आणि ताटली, जी मला आडवीच दिसते, ती इथे 'स्टॉर', उभी असते. तिला बूड आहे, ती बुडावर उभी आहे, असं समजून घ्या.

गावं आणि इमारतीही 'लिगर'. स्टेशन कुठे आहे हे विचारायचं असेल तर 'वोर लिगर स्टॅशोनेन?' पण मजकूर 'स्टॉर'. पत्रात काय लिहिलंय, हे 'वॅ स्टॉर देर इ ब्रेवे?' हे वाक्य पहिल्या महिन्यात लागतं, कारण सरकारी पत्रं डिजिटल पोस्टमध्ये येतात, डॅनिशमध्ये येतात, आणि अर्थ कुणाला तरी विचारावा लागतोच.

ठेवण्याचंही याच हिशेबाने. उभं ठेवणं 'स्टिल्ले', आडवं ठेवणं 'लेग्गे', बसवणं किंवा लावणं 'सेत्ते'. भांडी आवरताना स्वतःशी बोलत सराव करा. मी महिनाभर स्वयंपाकघरात तसाच केला: हे उभं, हे आडवं, हे लटकलेलं.

इथे मराठी कमी पडते असं वाटेल, पण पुढचा भाग बघा. चालू क्रियेसाठी इंग्रजीला एक ठरावीक प्रत्यय आहे. डॅनिशमध्ये तसा नाही. तिथे माणूस कोणत्या स्थितीत ते काम करतोय ते सांगतात.

हुन सिदर ओ लेसर. ती वाचत बसलीये.
हॅन लिगर ओ सोवर. तो झोपलेला पडलाय.
वी स्टॉर ओ वेंटर. आम्ही वाट बघत उभे आहोत.
याय गॉर ओ टेंकर. मी विचार करत फिरतेय.

'वाचत बसलीये', 'वाट बघत उभे आहोत' हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. वर्गातल्या इतर देशांच्या लोकांना ही रचना विचित्र वाटायची, मला ती घरची वाटली.

पायरी ६: वाक्य संपेपर्यंत कान उघडे ठेवा

'लुक्के' म्हणजे बंद करणं. 'लुक्के ओप' म्हणजे उघडणं. शेवटचा छोटा शब्द अर्थ उलटा करून टाकतो, आणि तो बऱ्याचदा वाक्याच्या अगदी टोकाला येतो: 'लुक दोरेन ओप', दार उघड. अर्धं वाक्य ऐकून उठलात तर दार लावून मोकळे व्हाल.

'स्टॉ' उभं राहणं, 'स्टॉ ओप' झोपेतून उठणं, 'स्टॉ आ' गाडीतून उतरणं. 'होले' धरणं, 'होले ओप' थांबवणं, 'होले आ' जीव लावणं. बोलताना जोर या शेवटच्या शब्दावर पडतो, क्रियापद दबकं म्हटलं जातं. जोर कुठे पडला तिकडे लक्ष द्या. मराठी माणसाला वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट बघायची सवय असतेच, ती इथे कामी येते. वहीत मात्र 'स्टॉ ओप' आणि 'स्टॉ आ' यांना वेगवेगळी पानं द्या. एकाच पानावर कोंबलेले मला कधीच लक्षात राहिले नाहीत.

पायरी ७: इंग्रजीसारखे दिसणारे शब्द

या दोन भाषा एकमेकींसारख्या दिसतात त्याचं कारण जुनं आहे. दोघी जर्मानिक कुळातल्या. शिवाय नवव्या शतकापासून डॅनिश वायकिंग इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात वस्ती करून राहिले. तो मुलूख डेनलॉ म्हणून ओळखला जातो. शेजारधर्मात शब्द मिसळले. घेणं, हाक मारणं, फेकणं यांसाठीचे इंग्रजी शब्द 'टेक', 'कॉल', 'कास्ट' हे उत्तरेकडच्या या लोकांचे. आजच्या डॅनिशमध्ये त्यांची भावंडं 'टाए', 'केले', 'केस्ते' अशी भेटतात. १८६० साली रॅनर्स इथे जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ओट्टो येस्पर्सन यांनी लिहून ठेवलंय, की इंग्रज माणसाला या स्कँडिनेव्हियन शब्दांवाचून आजारीही पडता येत नाही आणि मरताही येत नाही.

मराठीचाही एक धागा डॅनिश झेंड्यापर्यंत जातो. १८०५ साली विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला, आणि ते गाव तेव्हा डॅनिश ठाणं होतं. तिथे डॅनिश भाषेचा आपल्याशी संबंध आला असं नाही, पण मला ही गोष्ट आठवली की बरं वाटतं.

तर शब्द सारखे दिसतात, अर्थ मात्र हजार वर्षांत लांब गेलेले असतात. हे एवढे सुरुवातीलाच पाठ करून टाका. 'लोवे' म्हणजे वचन देणं, प्रेम करणं नव्हे. प्रेमाला 'एल्स्के'. 'ग्रीने' म्हणजे हसणं, अगदी मनमोकळं हसणंसुद्धा. 'मांग्ले' म्हणजे कमी असणं, नसणं: चहात साखर कमी आहे, अर्जात एक कागद नाही. 'ओवरसे' म्हणजे नजरेतून सुटणं, देखरेख नव्हे. कामाच्या ठिकाणी हा घोळ महागात पडतो. 'स्पारे' म्हणजे बचत करणं, म्हणून दुकानांच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरात 'स्पार' असतं.

'आवडतं' याला 'कॅन लीदे' म्हणतात. यातला 'कॅन' कधीही गाळायचा नाही, कारण एकट्या 'लीदे'चा अर्थ सोसणं, दुःख भोगणं असा आहे.

पायरी ८: पाट्या आणि वेष्टणं वाचा

क्रियापदाच्या शेवटी 'स' दिसला तर बहुधा तो आपला '-ला जातो' किंवा '-वे' असतो. दुधाच्या खोक्यावर 'ओपबेवारेस', म्हणजे ठेवावे, आणि पुढे किती अंशांखाली ते. औषधाच्या बाटलीवर 'ओमर्यूस्तेस', हलवून घ्यावी. स्टेशनबाहेर 'स्यूक्लर फ्येर्नेस', सायकली उचलल्या जातील. ही पाटी मुंबई-पुण्यातल्या पाट्यांसारखी समजू नका, सायकल खरंच उचलली जाते.

माणसांमध्ये मात्र हाच 'स' 'एकमेकांना' या अर्थाने येतो. निरोप घेताना 'वी सेस', म्हणजे भेटूया.

पायरी ९: कान

भाषा वर्गाला लवकर नाव घाला. डॅनिश शिक्षणाच्या तीन वाटा आहेत, आणि उच्चशिक्षित माणसांना सहसा तिसरी मिळते. तिच्यात सहा टप्पे असतात. वर्ग हवाच, पण कान वर्गात तयार होत नाही. 'देन डॅन्स्के ओर्दबो' हा मोठा शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात शब्दाशेजारी उच्चार ऐकायची खूण असते. शोधताना एवढं लक्षात ठेवा, की डॅनिशमधली तीन जादा अक्षरं वर्णमालेच्या शेवटी येतात. क्रियापद उघडल्यावर अर्थाआधी उच्चार ऐका, मग खाली ठरलेल्या वाक्प्रयोगांची यादी असते ती वाचा.

'लोबर' या शब्दाचे दोन उच्चार ऐकून बघा: एकदा 'धावणारा' या अर्थाने आणि एकदा 'धावतो' या अर्थाने. दुसऱ्यात घशात एक बारीकशी उचकी अडकल्यासारखी वाटेल. तिला 'स्टोद' म्हणतात. ती जमायला वेळ लागतो. जमेपर्यंतही लोकांना तुमचं बोलणं कळतं.

तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येईल. तो तुम्हाला मदत म्हणून तसं करतो. अशा वेळी हसून म्हणा, 'मॉ याय प्रोवे पॉ डॅन्स्क?' म्हणजे डॅनिशमध्ये बोलून बघू का? मला आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही.

आठवड्याला तीन क्रियापदं पुरेत. शेवटी माझ्या वहीतलं एक पान देते, 'पॅसे'चं. हे सगळं मी मुलाच्या पाळणाघरात, बुटांच्या दुकानात आणि फोनवर ऐकलेलं आहे.

हुन पॅसर बोर्न. ती मुलं सांभाळते.
स्कोने पॅसर. बूट बरोबर बसतात.
पॅसर दे डाय क्लोकेन टी? तुला दहाला जमेल का?
दे पॅसर. बरोबर आहे, खरं आहे.

खाली निळ्या शाईत, त्याच संध्याकाळी लिहिलेलं: पॅस पॉ! जपून!